आयर्लंडची पोरगी आणि आमची पाटी

ते पुस्तक मला पहिल्यापासनंच आवडलं नव्हतं. पुठ्ठ्यावर एक पोरगी, तिच्या मागं विटांच्या घरांची रांग आणि कोपऱ्यावर बंदूक घेतलेला शिपाई. पोरगीचं तोंड असं, की ताटातली भाकरी कुणीतरी पळवलीय. नातीच्या शाळेनं सगळ्या वर्गाला वाचायला दिलं होतं. आयर्लंड नावाच्या देशात गोऱ्या गोऱ्यांचाच दंगा चालला होता, त्यात ही पोरगी कशी वाढली, असली गोष्ट. मी म्हटलं, दंग्यात आम्हीपण वाढलो, आमच्यावर कुणी पुस्तक काढलं नाही.

आम्ही पोराकडं परदेशात राहतो, हॉर्नबी नावाच्या उपनगरात. पोरगा कारखान्यात इंजिनियर, सून फार्मसीत. दोघं सकाळी आपापल्या गाड्या घेऊन जातात आणि अंधार पडल्यावर येतात. दिवसभर घरात मी, ही आणि हिचं दुखणं. ही म्हणजे माझी बायको. आम्ही एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही, आता कागदावरपण घेणार नाही.

हिच्या किडन्या गेल्या होत्या. त्याच्या आधीपासनं हातांना संधिवात. बोटं अशी वाकडी झालेली की चमचा धरता येत नव्हता. पेज मी करायचो आणि मीच भरवायचो. "खारट झालीय," म्हणायची. दुसऱ्या दिवशी मीठ कमी घातलं तर, "मीठ संपलंय काय घरातलं?" असलं चालायचं. मला ते बरं वाटायचं. भांडते म्हणजे जिवंत आहे.

पण दुपारी नात शाळेतनं आली की मी परका. पोरगी बूट दारात फेकायची, थेट आजीच्या पलंगावर चढायची आणि ते पुस्तक उघडायची. एक पान इंग्रजीत वाचायची, मग तिच्या मराठीत सांगायची. तिचं मराठी म्हणजे, "आजी, ती मुलगी दार उघडतो आणि सोल्जर विचारतो."

"उघडती म्हण. पोरगी हाय न्हवं ती?"

"उघडती."

सून पुण्याची. तिला हे ऐकवत नसे. "आई, प्लीज तिला ते 'हाय' नका ना शिकवू."

"का? गोऱ्या लोकांना दिवसभर हायच म्हणती की ती," ही म्हणायची.

मी दारात उभा राहिलो की दोघी गप्प. "दार ओढून घ्या वो, थंडी येती." चाळीस वर्षं संसार केला, शेवटच्या हिवाळ्यात मला दार ओढून घ्यायला सांगितलं. बाहेरच्या खोलीत, भिंतीवरनं गरम हवा सोडणाऱ्या त्या हीटपंपाखाली बसून मी आतलं कुजबुजणं ऐकायचो. कळायचं काहीच नाही.

एक दुपार चांगली ध्यानात आहे. मी पेज ढवळत होतो आणि आतनं हिचं हसणं आलं. खदाखदा. आजारपणात असं हसलेली मी ऐकली नव्हती. हसता हसता ठसका लागला म्हणून पाणी घेऊन धावलो. बघतो तर हिच्या डोळ्यातनं पाणी, आणि आपले वाकडे हात नातीपुढं धरून दाखवतेय. नात तोंडावर हात ठेवून बसलेली.

"काय झालं?"

"काय नाही. पुस्तकातलं."

"पुस्तकात हसण्यासारखं काय आहे? दंगा आहे न्हवं त्यात?"

"तुम्हाला नाही कळायचं," ही म्हणाली, आणि परत हसायला लागली.

त्याच महिन्यात ती गेली. पुस्तक अर्धं राहिलं.

मग लोक आले. माणूस मेलं की लोकांना काय होतं मला कळत नाही. मराठी मंडळातले, ज्यांना मी गणपतीतसुद्धा टाळतो, ते मला येऊन मिठ्या मारायला लागले. ओळख ना पाळख. मिठी मारायची पद्धत आपल्यात कधीपासनं आली? एक डॉक्टर म्हणाले, "सुटल्या हो." मी म्हटलं, "सुटली? मी काय बांधून ठेवली होती?" डॉक्टर चहा न पिता गेले. शेजारची गोरी बाई पास्ताचं मोठं भांडं घेऊन आली, किआ ओरा म्हणून इथला नमस्कार केला आणि माझा हात धरून दारातच रडायला लागली. मी हात सोडवून घेतला. पास्ता घरच्यांनी खाल्ला. मी पेज करून प्यायलो. मीठ बरोबर पडलं होतं, खारट झालीय म्हणणारं कुणी नव्हतं.

सगळ्यांत राग त्या पुस्तकाचा यायचा. हिच्या उशाशी पडलेलं. खुणेला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची पट्टी घातलेली. खोलीत गेलं की ती पोरगी पुठ्ठ्यावरनं माझ्याकडं बघायची. हिचे कपडे सुनेनं आवरले, औषधं नेली, काठी नेली, पण पुस्तकाला कुणी हात लावेना. एका सकाळी मी ते उचललं आणि बाहेर नेऊन डब्यात टाकलं. त्याच वर्षी कौन्सिलनं नवे डबे दिले होते, लाल झाकणाचा, हिरव्या झाकणाचा, पिवळ्या झाकणाचा. कागद पिवळ्यात. मी नियमानं टाकलं.

दुपारी नात आली. खोलीत गेली, बाहेर आली, सगळं घर हुडकलं आणि सरळ डब्याकडं गेली. कसं कळलं कुणास ठाऊक. पुस्तक घेऊन आली. त्याला दुधाच्या बाटलीतलं उरलेलं दूध लागलं होतं.

"हू डिड धिस?"

"मी."

"व्हाय?"

"आजी गेली. आता कुणाला वाचून दाखवणार?"

"इट्स नॉट युवर्स! शाळेचं आहे! आणि आजीचं आहे!"

"आजीला इंग्रजी कुठं येत होतं? तुझं मन राखायला ऐकायची. तिला काय कळत होतं त्यातलं?"

पोरगी रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. टेबलावरचा कागदी टॉवेल घेतला, पुस्तक एक एक पान करून पुसलं आणि मग मराठीत बोलली. ती आम्हाला सगळ्यांना तूच म्हणते, त्यात अपमान नसतो, पण त्या दिवशी होता.

"आजीला सगळं कळत होतं. तुला नाही कळत. आजीनं मला तिची गोष्ट सांगितली. तुझ्या सायकल शॉपची. तुला कधीच नाही सांगितली. आणि आता मी पण नाही सांगणार. नेव्हर."

आणि खोलीचं दार आपटलं.

माझ्या दुकानाची गोष्ट, जी मला ठाऊक नाही. असली गोष्ट असूच शकत नव्हती. त्या दुकानात माझा जन्म गेला.

ते दुकान बेळगावात होतं, माझ्या वडलांचं. सायकल दुरुस्ती, पंक्चर, भाड्यानं सायकली. दारावर टिनाची पाटी. वर मराठीत नाव, खाली कानडीत तेच नाव. पेंटरनं अक्षरं अशी काढली होती की लोक थांबून बघायचे. वडील म्हणायचे, "पंक्चर व्हायच्या आधी खिळा जात विचारत नाही." पण मी पोरगा होतो तेव्हा गावच पेटलं होतं. बेळगाव ह्या राज्यात की त्या राज्यात. मोर्चे, लाठ्या, कर्फ्यू, शाळेला टाळं. त्यातच एका सकाळी वडलांनी दुकान उघडलं, तर पाटीवर डांबर. एका ओळीवर नाही, अख्ख्या पाटीवर. मराठीपण गेलं आणि कानडीपण गेलं. डांबर ओघळून खाली पायरीवर सांडलेलं.

एक टोळकं येऊन म्हणालं, कानडी लिहिलंस म्हणून झालं. दुसरं येऊन म्हणालं, मराठी वर लिहिलंस म्हणून झालं. वडील दोघांनाही हो हो म्हणाले. त्या दिवसानंतर माणूस खचला. कुणी दुकानासमोर थांबलं तरी दचकायचा. पाटी काढली ती परत लावली नाही. दुकानात बसायला कुणी पाहिजे म्हणून मला सहावीतनं काढलं. माझी शाळा त्या डांबरात गेली.

डांबर कुणी फासलं हे माझ्या दृष्टीनं उघड होतं. समोर कोळशाची वखार होती. वखारवाल्याचा पोरगा माझ्याच वयाचा, त्याच्याशी माझं गोट्यांवरनं भांडण झालेलं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर त्याचे हात काळे. आता कळतं, वखारीत काम करणाऱ्याचे हात पांढरे कशाला असतील? पण तेव्हा ठरवलं ते ठरवलं. त्याच्याशी जन्मभर बोललो नाही. वडील वारले तेव्हा तो दारात आला, त्याला पायरी चढू दिली नाही. आणि लग्न झाल्यावर हिला पहिल्याच दिवशी बजावलं, समोरच्या वखारीतनं कोळशाचा खडासुद्धा आणायचा नाही.

तेव्हा घरात शेगडी होती. ही कोळसा आणायला पार रेल्वे फाटकाकडच्या वखारीत जायची. डोक्यावर कोळशाची पाटी, कडेवर पोरगा. उन्हात, पावसात. समोरची वखार ओलांडून जायची आणि ओलांडून यायची. गल्लीतल्या बायका हसायच्या. आई एकदा म्हणाली, "अगं, हा येडा आहे, तू तरी गुपचूप समोरनं घे." ही म्हणाली, "असू दे, मी आणते की." गॅस येईपर्यंत आणला. मला त्याचा अभिमान होता. म्हणायचो, नवऱ्याचा शब्द पाळणारी बायको बघा.

आणि ती पाटी आम्ही न्हाणीघरावर पत्रा म्हणून टाकली होती. अंघोळीला गेलं की वर ते डांबर दिसायचं. दिसलं की मी म्हणायचो, "ज्यानं हे केलं त्याचे हात वाकडे होवोत." रोजच्या अंघोळीचा मंत्रच तो. ही बाहेरनं म्हणायची, "पाणी गार होईल, अंघोळ करा."

तर ह्यात मला ठाऊक नसलेलं काय असणार?

पण ते वाक्य मला खायला लागलं. बायको गेली, कपडे गेले, आवाज गेला. तिचं म्हणून एकच काहीतरी शिल्लक होतं आणि ते चौदा वर्षांच्या घोडीनं दाबून ठेवलं होतं. पोराला म्हटलं, तू सांग तिला.

"बाबा, तुम्ही तिचं पुस्तक कचऱ्यात टाकलंत."

"परत काढलं न्हवं?"

"सॉरी म्हणा तिला."

"मी आजोबा आहे तिचा."

"म्हणूनच म्हणा."

मी सॉरी म्हटलं नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. इथं डेअरी म्हणजे साधं दुकान, म्हैस शोधत बसू नका. तिला आवडतं ते साखरेच्या गोळ्यांचं आइस्क्रीम आणलं. तिनं ते पायरीवर बसून सगळं खाल्लं, बोटं चाटली, "थँक यू" म्हणाली आणि आत गेली. मग धाक दाखवला. म्हटलं, बेळगावात असतीस तर एक ठेवून दिली असती. ती म्हणाली, "यू कान्ट हिट किड्स हिअर, आजोबा. इट्स द लॉ." कायदा शिकवते मला.

शेवटी तीच आली. शाळेत त्या पुस्तकावर वर्गापुढं बोलायचं होतं आणि तिनं आजी गेल्यापासनं पुढचं पान उघडलं नव्हतं. एकटीला वाचवत नाही म्हणाली. मग मान ताठ करून अट सांगितली.

"तू ऐक. पहिल्यापासनं एंडपर्यंत. मध्ये उठून जायचं नाही. जिथं आजी हसली ते पान आलं की सांगेन."

"आधी सांग, मग ऐकतो."

"नो."

आजीवर गेलीय. मी सोफ्यावर बसलो.

ते पुस्तक मी कसं ऐकलं माझं मला ठाऊक. ती पान वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि मी तिच्या आयर्लंडला शिव्या घालायचो. पोरगीची आई दिवसभर चहा पिते आणि खिडकीतनं बघते, घरात काम नाही काय तिला? बाप दारू पिऊन देवाचं नाव घेतो. भाऊ कुठल्याशा टोळीत शिरतो आणि घरात कुणाला पत्ता नाही, म्हणजे घरातले आंधळे काय?

"आजोबा, तू कमेंट्री नको करू."

"मग असली माणसं कशाला घातली पुस्तकात?"

"आजी पण हेच म्हणाली होती. आई चहा का पितो म्हणून."

"पिती म्हण," मी म्हटलं. तोंडातनं निघून गेलं.

एक गोष्ट कबूल करतो. त्यातल्या गल्ल्या खऱ्या होत्या. एक गल्ली ह्यांची, पुढची गल्ली त्यांची, रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा आपापल्या रंगात रंगवलेले. कुठल्या गल्लीतनं गेलास यावरनं तू कोण ते ठरणार. दुकानदाराच्या तोंडाकडं बघून आज बोलायचं की नाही ते पोरं ठरवतात. आणि शाळा बंद झाली म्हणून पोरांना पहिले दोन दिवस झालेला आनंद. तो मी कुणाला कधी सांगितला नव्हता. लिहिणाऱ्याला कसा कळला कोण जाणे.

मग ते पान आलं. पोरगीच्या भावाला टोळीतले सांगतात, पलीकडच्या गल्लीतल्या पाववाल्याच्या दारावर रंग फासून ये. भाऊ भितो. पोरगी म्हणते, दे इकडं. जाते, रंग फासते, पळून येते. आणि दुसऱ्या दिवशी आई तिच्याच हातात पिशवी देते, जा, पाव घेऊन ये. पोरगी त्या रंगवलेल्या दारापुढं पिशवी घेऊन उभी.

नातीनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"इथं आजी हसली."

"का?"

"बिकॉज इट वॉज हर."

"कोण?"

"आजी. ती डांबर. तुझ्या शॉपच्या बोर्डवर. ती आजीनं लावली."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नको."

मग तिनं सांगितलं. मोडकंतोडकं, पण सगळं. हिचं माहेर आमच्याच मागच्या गल्लीत. हिच्या भावाला मोठ्या पोरांनी सांगितलं होतं, सायकलवाल्याच्या पाटीवरचं कानडी पुस. रस्त्याच्या कामाचं डांबर पिंपात पडलेलं होतंच. भाऊ पहाटे त्यातलं बादलीभर घेऊन निघाला, पण दुकानापुढं येऊन मागं फिरायला लागला. बारा वर्षांची ही मागनं आली होती. म्हणाली, मला खांद्यावर घे. त्याच्या खांद्यावर चढली. त्या पोराचे खांदे इतके हलत होते की खालची ओळ पुसायला गेली ती वरचीपण पुसली गेली. बादली सांडली. दोघं पळाले. मग काही वर्षांनी हिच्या बापानं स्थळ आणलं, मुलगा कष्टाळू आहे, सायकलचं दुकान आहे. ही काय बोलणार? लग्न होऊन आली, न्हाणीघरात गेली, वर बघितलं.

"आजी म्हणाली, फर्स्ट इयर मी भिले. मग बाबा झाला. मग म्हटलं आता कशाला. एव्हरी इयर इट गॉट लेटर."

"आणि कोळसा?" मी विचारलं.

"ती म्हणाली, कोळसा इज माय डिटेन्शन. म्हणजे शाळेत पनिशमेंट असते ना, तसं. तो समोरचा माणूस काही नाही केला, आणि आजोबा त्याच्याशी बोलत नाही, बिकॉज ऑफ मी. म्हणून मी लांबनं आणते."

हीटपंप घुरघुरत होता. नातीनं स्वतःचे दोन्ही हात पुढं केले आणि बोटं वाकडी केली.

"आणि मग आजी असं करून हसली. म्हणाली, बघ, तुझ्या आजोबाचा शाप लागला."

मी उठलो. उठून जायचं नाही अशी अट होती, तरी उठलो. चपला घातल्या, इथं त्यांना जँडल म्हणतात, आणि तसाच मोजे घालून बाहेर पडलो. इथला वायव्येकडचा गरम कोरडा वारा सुटला होता, सगळ्यांची डोकी फिरवतो तो. मॉलपर्यंत गेलो आणि परत आलो. शापबिप मी मानत नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, संधिवात हिच्या आईकडनं आलेला. तरी त्या हातांना मी घास भरवला होता आणि त्याच हातांना वर्षानुवर्षं अंघोळीच्या वेळी शिव्या घातल्या होत्या. ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. पाणी गार होईल म्हणत होती.

मला दया आली असं कुणाला वाटत असेल तर चूक आहे. मला राग आला. माझी शाळा, माझ्या बापाची झोप, आणि ही माझ्याच ताटात जेवत होती. जिवंत असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तो वखारवाला! तोपण गेला केव्हाचा. त्याचं आता काय करायचं ते मला कळत नाही. ज्याच्याशी भांडायचं ती भिंतीवर फोटोत बसून हसतेय.

घरात आलो आणि फोटोचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

सून कामावरनं आली आणि किंचाळली. "बाबा, हे काय! आईंचा फोटो उलटा?"

"आमचा अबोला आहे," मी म्हटलं.

"अहो, पण त्या आता..."

"म्हणून काय झालं?"

पोरानं तिला आत नेलं. त्याला ठाऊक आहे. आमच्या अबोल्यात तोच वाढला. आम्ही भांडलो की एकमेकांशी बोलायचो नाही, सगळं बोलणं त्याच्यामार्फत. ही स्वयंपाकघरातनं म्हणायची, "सांग तुझ्या बाबांना, चहा झालाय." दोन हातांवर बसलेला मी म्हणायचो, "सांग तुझ्या आईला, नको." तो बिचारा पोस्टमन मध्ये मान हलवत बसायचा. अबोला मोडायचो नेहमी मीच. माझ्या पोटात बोलणं राहत नाही. हिच्या राहायचं. किती राहायचं ते आता कळलं.

फोटो तसाच राहिला. जाता येता मला त्याची पाठ दिसायची, पुठ्ठा आणि चार खिळे. सून तोंड फुगवून कामावर जायची. मंडळातलं कुणीतरी भेटायला येणार होतं, त्यांना तिनं नको सांगितलं. ते एक चांगलं झालं.

मधली पानं रोज थोडी थोडी ऐकली, मग एका शनिवारी सकाळी नात पुस्तक घेऊन माझ्यापुढं येऊन बसली.

"लास्ट चॅप्टर. तू प्रॉमिस केला होता. एंडपर्यंत."

"वाच."

वाचला. पोरगी मोठी होते. भाऊ तुरुंगात. तिला बोटीत बसवून मावशीकडं पाठवतात. बोट निघायच्या सकाळी ती शेवटची पाववाल्याकडं जाते. आता सांगेल, आता सांगेल असं वाटतं. पाववाला तिला एक पाव जादा देतो. ती पाव घेते आणि जाते. बोट सुटते. संपलं.

"सांगितलं नाही?" मी विचारलं.

"नो."

"पाव खाल्ला आणि गेली?"

"मेबी सांगणार होती. मेबी तो माणूसला ऑलरेडी माहीत होतं."

"त्याला काय माहीत नव्हतं," मी म्हटलं. "तो आपला बसला असेल कुणाच्या तरी नावानं शिव्या घालत."

नात पुस्तकातली ती गोळ्यांची पट्टी काढून बोटाला गुंडाळत बसली. मग विचारलं, वर्गात आजीची गोष्ट सांगू का? शॉप तुझं होतं, म्हणून विचारते.

मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, सांगायची असेल तर नीट सांग. पाटी निळी होती, अक्षरं पिवळी. कडेनं वेल काढलेली. ते सगळं सांगायचं आणि मग डांबर सांगायचं. नुसतं डांबर सांगितलं तर कुणाला काय कळणार, काय पुसलं ते?

"निळी. पिवळी अक्षरं. ओके."

"आणि माझा बाप घाबरट नव्हता म्हणून सांग. त्याला घाबरवला."

"ओके, आजोबा."

ती उठून निघाली. फोटोखालनं जाताना मी तिला हाक मारली. पोटात राहत नाही माझ्या, काय करणार.

"थांब. सांग तुझ्या आजीला."

ती थांबली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फोटोच्या पाठीकडं. बापानं कधीतरी सांगितलं असणार, कारण काय करायचं ते तिला बरोबर कळलं. हात बांधून मध्ये उभी राहिली.

"काय सांगू?"

"सांग म्हणावं, कोळसा समोरनं आणला असतास तरी चाललं असतं."

नातीनं मान वर करून त्या पुठ्ठ्याला कान लावल्यासारखं केलं. मग वळली, आणि जी पोरगी मला रोज इंग्रजीत उत्तरं देते ती अगदी हिच्या हेलात बोलली.

"आजी म्हणती, आता सांगाय लागलासा होय?"

फोटो मी सरळ केला. हार घातला नाही. सुनेनं चंदनाच्या सालींचा हार मागवलाय, तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. राहू दे तिथंच.